शरीराचे भाग, दिशा आणि पोझिशन: कार्डांची पेटी सात महिने वापरल्यावर

जीएनएमच्या (नर्सिंग आणि मिडवाइफरीच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला दिशांचे, विभागांचे आणि पोझिशनचे शब्द एकदम अंगावर येतात. त्यासाठी लाइटनर पद्धतीची, म्हणजे चुकणारी कार्डं जास्त वेळा समोर आणणारी पेटी वापरून सात महिने झाले. पेटी म्हणजे बुटांचा खोका आणि आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे. ए-फोर कार्डशीटचे आठ तुकडे केले की तळहाताएवढं कार्ड होतं. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. दिवसाला आठच्या वर नवी कार्डं घालू नयेत. घातली की पहिला कप्पा तुंबतो आणि पेटी उघडायचाच कंटाळा येतो.

पद्धत चांगलीच आहे, पण सगळं अडतं ते कार्डावर काय लिहिलंय त्यावर. एका बाजूला ‘प्रॉक्झिमल’, मागे ‘जवळचं’, अशी कार्डं कुचकामी ठरली. जवळचं, पण कशाच्या? कोपर मनगटापेक्षा प्रॉक्झिमल आहे आणि खांद्यापेक्षा डिस्टल, म्हणजे धडापासून लांब. दिशेचा शब्द दोन जागांमधलं नातं सांगतो, म्हणून कार्डावर दोन्ही जागा हव्यात: ‘मनगटाच्या तुलनेत कोपर कुठे?’ मागच्या बाजूला उत्तर आणि उलटा प्रश्न. अशी कार्डं केल्यावर पाठांतर थांबलं आणि उत्तर देताना बोट आपोआप स्वतःच्या हातावर जाऊ लागलं.

एक कार्ड मात्र कायम पहिल्या कप्प्यातच ठेवावं, अॅनाटॉमिकल पोझिशनचं: ताठ उभं, नजर समोर, पावलं पुढे, हात बाजूला, तळवे समोर. तळवे समोर असतात म्हणूनच अंगठा लॅटरल (बाहेरच्या बाजूला) आणि करंगळी मीडियल (शरीराच्या मधल्या रेषेकडे). तळहात मांडीवर पालथा ठेवून बघितलं की अंगठा आत येतो, आणि नेमकं इथेच उत्तर चुकतं. नाव रुग्णाच्या स्थितीप्रमाणे बदलत नाही.

मराठीतला खरा सापळा ‘हात’ आणि ‘पाय’ हे शब्द. अॅनाटॉमीत आर्म म्हणजे फक्त खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड, आणि लेग म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. आपल्याकडे ‘पाय दुखतो’ म्हणणारा रुग्ण मांडीही दाखवतो आणि टाचही. तेव्हा कार्डाच्या मागे नेमका मराठी शब्दच लिहावा: ब्रेकियल म्हणजे दंड, क्रूरल म्हणजे नडगी-पोटरीचा भाग, अॅक्झिलरी म्हणजे काख, इंग्वायनल म्हणजे जांघ, पॉप्लिटियल म्हणजे गुडघ्यामागची लवण. घरात रोज बोलला जाणारा शब्द जोडीला असला की लॅटिन शब्द सुटत नाही.

पोटाच्या नऊ विभागांची छापील चित्रं मात्र घात करतात. मुलं चित्र पाठ करतात आणि चित्रातली डावी बाजू हीच रुग्णाची डावी समजतात. समोरच्या माणसाचा उजवा इलियाक भाग (ओटीपोटाची उजवी बाजू) आपल्या डावीकडे येतो. कार्डावर रिकामी चौकट काढून वर ठळक ‘रुग्णाचा उजवा’ लिहिलं तेव्हा या चुका बऱ्याच कमी झाल्या. आणखी एक: देवनागरीत ‘इलियम’ दोन्ही एकसारखेच दिसतात, त्यामुळे स्पेलिंग इंग्रजीतच लिहावं. मधलं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. पेरोनियल (नडगीच्या बाहेरच्या बाजूचं) आणि पेरिनियल (गुदद्वार आणि जननेंद्रियांमधल्या भागाचं) ही जोडीही एकाच कार्डावर समोरासमोर हवी.

पोझिशनच्या बाबतीत पेटी अर्धंच काम करते. सुपाइन म्हणजे उताणं, प्रोन म्हणजे पालथं, लेफ्ट लॅटरल म्हणजे डावी कूस खाली, इथपर्यंत ठीक. फाउलर, म्हणजे पाठ उचलून अर्धवट बसतं करणं, आला की गोंधळ होतो. सेमी फाउलर साधारण 30 ते 45 अंश, फाउलर 45 ते 60, हाय फाउलर 60 ते 90. पुस्तकागणिक आकडे थोडे सरकतात. शिवाय वॉर्डात ‘सेमी फाउलर बेड’ म्हणजे फक्त पाठीचा भाग उचलणारी खाट, आणि ‘फाउलर बेड’ म्हणजे गुडघ्याकडचा भागही उचलणारी. खाटेचं नाव आणि पोझिशनचं नाव वेगवेगळ्या कार्डांवर लिहावं. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप पाठीच्या फळीला लावून बघा. नजरेला 45 वाटतात ते बऱ्याचदा 30च्या आसपास निघतात.

कार्डाच्या मागे कोनाबरोबर कारण हवंच. एनिमासाठी डावी कूस, कारण सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचा गुदाशयाआधीचा भाग) डावीकडे आहे आणि पाणी उतारानं जातं. फाउलर देताना आधी गुडघ्यांकडचा भाग उचलायचा, मग पाठीचा. उलट केलं तर रुग्ण पायथ्याकडे घसरतो आणि माकडहाडावरची त्वचा ओढली जाऊन जखमेची सुरुवात होते. ट्रेंडेलेनबर्ग म्हणजे अख्खी खाट डोकं खाली जाईल अशी कलवणं. नुसत्या उशा घालून पाय उचलले तर तो ट्रेंडेलेनबर्ग नव्हे. सिम्समध्ये रुग्ण डाव्या कुशीवर अर्धवट पालथा, डावा हात पाठीमागे आणि उजवा गुडघा जास्त वाकवलेला. हे कार्ड वाचून कळत नाही. जोडीदाराला खाटेवर झोपवून, त्याच्याच हातात कार्ड देऊन तपासावं लागतं. म्हणून पोझिशनचं कार्ड खाटेवर करून दाखवल्याशिवाय पाचव्या कप्प्यात जाऊ द्यायचं नाही.