बिडी-सिगारेट सोडवणारा टोल-फ्री नंबर : आमच्या घरचा अनुभव

आमचे हे इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. बिडी लग्नाच्या आधीपासूनची. गेल्या पावसाळ्यात घरात सगळ्यांनाच फ्लू झाला. सासूबाई, मुलगी, मी, आठवड्याभरात उठून कामाला लागलो. ह्यांचा ऑक्सिजन मात्र ८८ वर आला आणि ॲडमिट करावं लागलं. विषाणू तोच, घर तेच, मग ह्यांनाच का? डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून समजावलं. श्वासनळीत आतून बारीक केस असतात, ते कफ आणि जंतू सारखे वर ढकलत असतात. धुरानं ते लुळे पडतात, मग विषाणूला फुप्फुसापर्यंत रान मोकळं.

इस्रायलच्या सैन्यातल्या ३३६ तरुणांची पाहणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली होती. ओढणाऱ्यांपैकी ६८.५ टक्के जणांना फ्लू झाला, न ओढणाऱ्यांपैकी ४७.२ टक्के. चांगली धट्टीकट्टी पोरं होती ती! कॅन्सरचं नाव काढलं की ओढणारा म्हणतो, पुढचं पुढे बघू. फ्लू तर दर पावसाळ्यात दारात येतो.

घरी आल्यावर मीच १८००-११-२३५६ लावला. पाकिटावरच्या त्या भयंकर फोटोजवळ छापलेला असतो तोच हा नंबर. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ही सेवा सुरू झाली, नंतर मुंबईचं टाटा मेमोरियलही जोडलं गेलं. पैसे लागत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद.

मराठी बोलणाऱ्या ताई मिळाल्या. त्यांनी मला सांगितलं, "फोन काकांकडे द्या, त्यांच्याशीच बोलायला हवं."

"काका, उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं?"

"चहाच्या आधी."

"आणि सगळ्यात सोडवत नाही अशी कुठली?"

हे जरा थांबले. "रात्रपाळीत, ताणा तुटल्यावर." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे.

मला हे इतक्या वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. ताईंनी तिथंच धरलं. सोडायची तारीख ह्यांच्याच तोंडून ठरवून घेतली. तलफ आली की पाच मिनिटं ढकला, घोट घोट पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, हाताला काम द्या. ताणा तुटला की आधी पाण्याची बाटली उचलायची. उपदेश एका शब्दाचा नाही. नंतर त्यांचाच फोन यायचा, कसं चाललंय विचारायला, आणि हे त्या फोनची वाट बघायचे.

औषध तिकडून मिळत नाही, फक्त सल्ला मिळतो. निकोटीन गम आमच्या डॉक्टरांनी दिला. तो बबलगमसारखा चघळायचा नाही, उचकी लागते. दोन-चार वेळा चावून जीभ चुरचुरली की गालात धरून ठेवायचा, चहा त्याच्या आगेमागे नको.

एक राग आहे. राज्यात २०२० मध्ये सुट्या बिडी-सिगारेट विकायला बंदी आली, तरी टपरीवर सुटी मिळतेच. सुटी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही, मग नंबर दिसणार कुठे? कारखान्याच्या गेटवर, चहाच्या गाड्यावर मोठ्या अक्षरांत तो रंगवायला हवा.

बिडी बंद आहे, गम कधीतरी लागतो. डॉक्टरांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यायला सांगितली आहे. यंदाची ह्यांनी पावसाळा लागायच्या आधीच टोचून घेतली.