पोलो जीटी: टीएसआय की टीडीआय?

फोक्सवॅगनने भारतातील पोलो या छोट्या गाडीचे उत्पादन 2022 मध्ये थांबवल्यामुळे आता हा प्रश्न केवळ जुन्या गाड्यांच्या बाजारात उरला आहे. तरीही नागपुरात जीटी या तिच्या जोरदार आवृत्तीचे पेट्रोल (टीएसआय) आणि डिझेल (टीडीआय) असे दोन्ही प्रकार चालवून पाहिल्यावर त्यांचे स्वभाव किती वेगळे आहेत, हे लक्षात आले. 2013 मध्ये आलेल्या या दोन्ही गाड्यांची शक्ती कागदावर सारखीच, 105 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). मात्र 1.2 लिटरच्या पेट्रोल टीएसआयचा टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) 175 न्यूटन मीटर आणि सुरुवातीच्या 1.6 लिटरच्या डिझेल टीडीआयचा 250 असल्याने, वर्धा रोडवर ट्रकला मागे टाकताना डिझेल गाडी गिअर न बदलताही जी ओढ दाखवते, ती पेट्रोलमध्ये जाणवत नाही.

सीताबर्डीच्या गर्दीत मात्र चित्र उलटते. टीडीआयचा क्लच पायाला जड वाटतो आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) जागा होईपर्यंत गाडी रेंगाळते, तर टीएसआयचा सात गतींचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स हे काम अलगद करतो. त्याचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे असतात, त्यामुळे मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात इंचाइंचाने सरकताना ते तापण्याची धास्ती राहते. (मागची सीट दोन्हींत सारखीच अरुंद आहे.)

माझे महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने जाणे होते, म्हणून मी टीडीआय निवडली. रोजचा प्रवास शहरापुरताच असता, तर दुरुस्तीची संपूर्ण नोंद तपासून टीएसआय घेतली असती.