टायरवरचा डायनामो की हबमधला?

सायकलच्या दिव्यासाठी दोन्ही वापरून झालेत. टायरला टेकवायचा जुना डायनामो सात वर्षं, पुढच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या भागातला, गेली चार. वीज दोघांची सारखीच, ६ व्होल्ट, ३ वॉट. आजच्या एलईडी दिव्याला तेवढी पुरून उरते. तेव्हा उजेडावरून निवड करू नका.

टायरवाल्याबद्दल मला अजूनही माया आहे. कुठल्याही सायकलच्या चिमट्यावर चढतो, स्वस्त मिळतो, आणि दिवसा मागे ओढून ठेवला की चाकाला त्याचा भारच नाही. वायर बहुधा एकच असते, परतीचा करंट सायकलच्या सांगाड्यातून जातो. म्हणून बसवताना डायनामोच्या पट्टीच्या स्क्रूचं टोक रंग खरवडून लोखंडात रुतलंय ना, ते बघा. माझा ‘बंद पडलेला’ डायनामो दोनदा एवढ्यानेच चालू झाला.

पण पावसाळ्यात त्याने मला दमवलं. जुलैतल्या एका संध्याकाळी खडकवासल्याहून पुण्याकडे येत होतो. टायरची कड ओली झाली आणि तिला टेकलेली डायनामोची फिरकी घसरायला लागली. घर्रघर्र मधूनच तुटायची, ती तुटली की समोर अंधार. नेटाने पायडल मारावं तर आणखी घसरायची. त्याआधी स्प्रिंग ताणून, फिरकीवर रबरी टोपी चढवून झालं होतं; रिमझिमीत निभायचं, चिखल उडाला की पुन्हा तेच. त्या दिवशी पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला तो पुढचं चाक आत गेल्यावर.

हबमध्ये चुंबक चाकाबरोबर कॉइलभोवती फिरतं, टायरशी घासायचा प्रश्नच नाही. कल्पना नवी नाही, इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरने असा हब १९३६ मध्येच आणला होता. खर्च मात्र होतो. आरे काढून चाक नव्याने भरायचं, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा, आणि हे नीट करणारा मिस्त्री शोधायचा. डिस्क ब्रेक असेल तर हब त्याला चालणारा आहे ना, हे आधी विचारा. दिवा बंद असतानाही चुंबकाची ओढ थोडी राहते. चाक उचलून हाताने फिरवलं की अडखळल्यासारखं लागतं. चालवताना मला जाणवत नाही. मोजून पाहिलेलं नाही, माझे पाय सांगतात तेवढंच.

कोणताही घ्या, दिवा कपॅसिटरवाला, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा, घ्या. सिग्नलला थांबल्यावर काही मिनिटं मंद उजेड टिकतो.

पावसाळ्यात सायकल घरीच ठेवणार असाल, तर टायरवाला भागवेल असं वाटतं. बाराही महिने ऑफिसला जाणार असाल, तर मी म्हणेन, मेअखेरीला चाक भरून घ्या. जूनमध्ये मिस्त्रीकडे रांग असते.