प्रिंट सोडून सगळं देतो: एका पीडीएफ रीडरचे आठ महिने

तहसील कचेरीच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर, एक रंगीत, लॅमिनेशनचं यंत्र आणि लाइट गेली की वीस मिनिटं दम धरणारा इन्व्हर्टर. मागच्या जूनमध्ये, दाखल्यांची झुंबड उडायच्या आधी, पुढच्या कॉम्प्युटरवर मी एक फुकट मिळणारा पीडीएफ रीडर टाकला. त्याला आता आठ महिने झाले. नाव मुद्दाम लिहीत नाही. खालचं बरंचसं कुठल्याही रीडरला लागू पडेल, आणि मला भांडण नको, प्रिंट हवी आहे.

आधी चांगलं सांगते, ते थोडक्यात उरकेल. फाईल पटकन उघडतो. शंभर पानांचं स्कॅन असलं तरी सरकवताना अडखळत नाही. फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारखीच कळणाऱ्या लिपीच्या पद्धतीत असेल तर मराठी शब्दही शोधून देतो. अक्षर मोठं-लहान करणं, आडवं पान उभं करणं, सगळं झकास. पण झेरॉक्सच्या दुकानात वाचायला कोण येतं? माणूस येतो, मोबाइल पुढे धरतो, "व्हॉट्सॲपवर टाकलंय, दोन प्रिंट मारा" म्हणतो. परीक्षा तिथून सुरू होते.

पहिला दणका जुलैत बसला. पीकविम्याची गर्दी, दारात रांग, आणि एका आबांचा सातबारा पडद्यावर उघडलेला. प्रिंट दाबली. खिडकी आली, प्रिंटरचं नाव दिसलं, पुन्हा प्रिंट दाबली, खिडकी गेली. आणि मग काहीच नाही. चूक झाल्याचा संदेश नाही, आवाज नाही, प्रिंटरचा दिवासुद्धा लुकलुकला नाही.

"ताई, यंत्र बिघडलं व्हय?"

"नाही आबा, यंत्र चांगलंय. हा वरचा रुसलाय."

"मग समजवा की त्याला. साडेबाराची एसटी हाय माझी."

समजूत कशी काढणार? रुसलेला जावई परवडला. तो निदान सासूला ऐकू जाईल इतपत तरी पुटपुटतो. हा पाटावर येऊन बसतो, ताट पुढे ओढतो आणि जेवत नाही. आबांचा उतारा मी मागच्या कॉम्प्युटरवरून काढून दिला आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर शोधायला बसले.

कारण निघालं झाडूचं. हाताखालच्या पोराने सकाळी झाडताना प्रिंटरची वायर उपसली आणि परत लावताना शेजारच्या यूएसबी भोकात लावली. विंडोज अशा वेळी पुष्कळदा तो प्रिंटर नवाच आलाय असं समजून आणखी एक नोंद करतं. प्रिंटरच्या यादीत एकाच नावाचे दोघे दिसायला लागतात, दुसऱ्याच्या नावापुढे 'कॉपी १'. जुना ऑफलाइन, नवा जिवंत. रीडरने आपलं जुनंच नाव धरून ठेवलं होतं आणि आबांचा सातबारा बंद घराच्या पत्त्यावर पाठवून मोकळा झाला होता. जुनी नोंद काढून टाकली, नवीला डीफॉल्ट, म्हणजे आपोआप निवडला जाणारा प्रिंटर केलं, झालं. आता त्या यूएसबी भोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे आणि पोराला ताकीद आहे.

तेव्हापासून माझा एक क्रम ठरला. रीडर गप्प बसला की आधी नोटपॅड उघडायचं, दोन अक्षरं टाइप करायची आणि छापून बघायची. ती छापली गेली म्हणजे वायर, ड्रायव्हर (कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषी प्रोग्राम), प्रिंटर सगळे कामावर आहेत. मग त्याच रीडरमधून दुसरी एखादी साधी पीडीएफ. ती निघाली तर खोट पहिल्या फाईलमध्ये आहे. तीही नाही निघाली तर खोट रीडरमध्ये. शेवटी अडलेली फाईल ब्राउझरमध्ये उघडून तिथून प्रिंट. पाच मिनिटांत कळतं की कुणाची कॉलर धरायची. पूर्वी मी थेट ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला बसायचे. त्यात अर्धा तास जायचा आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात.

या क्रमातल्या पहिल्याच पायरीवर नोटपॅडही छापेना, असं ऑक्टोबरात झालं. शाळेचे शिपाईकाका पेनड्राइव्हवर एकशे चाळीस पानांची फाईल घेऊन आले होते. तेवीस पानं निघाली आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला, प्रिंटर बंद पडला, कारण लेझर प्रिंटर मी इन्व्हर्टरला जोडतच नाही; कागद तापवताना तो फार ओढतो. लाइट आल्यावर रांगेतलं काम अर्धवट लटकलेलं. रद्द केलं तर 'डिलीटिंग' एवढं लिहून तिथेच ठाण मांडून. त्याच्यामागे दिलेलं प्रत्येक काम मुकाट्याने रांगेत उभं, आणि रीडर दर वेळी आनंदाने खिडकी मिटवतोय, जणू पान निघालंच!

इथे रीडरचा दोष नव्हता. प्रिंट दाबल्यावर काम आधी विंडोजच्या स्पूलर नावाच्या सेवेकडे जातं. ती सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स नावाच्या फोल्डरमध्ये त्या कामाच्या फाईली ठेवते आणि एकेक करून प्रिंटरला देते. पहिलीच फाईल अर्धी खाल्लेली असली की रांग तुंबते. उपाय म्हणजे सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवायचा, तो फोल्डर रिकामा करायचा (फोल्डर नव्हे, आतल्या फाईली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. माझ्या दिराने या तीन आज्ञांची एक छोटी बॅच फाईल करून डेस्कटॉपवर ठेवली आहे. तिचं नाव 'ढकला'. राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची. एवढंच ध्यानात ठेवा की रांगेतली सगळी कामं त्यात पुसली जातात, शेजारच्या कॉम्प्युटरवरून कुणी काही पाठवलं असेल तर तेही.

इथवर मी रीडरची वकिली केली. आता त्याच्यावर येते.

काही फाईली अशा असतात की नोटपॅड छापतं, दुसरी पीडीएफ छापली जाते, पण हीच नाही. किंवा तीन पानं निघतात आणि चौथं कोरं. यामागचं कारण समजायला मला दोन महिने लागले. पडद्यावर दाखवणं आणि कागदावर उतरवणं ही दोन निराळी कामं आहेत. छापताना रीडरला पानावरची अक्षरं, रेषा, चित्रं, एकावर एक टाकलेले अर्धपारदर्शक शिक्के, सगळं प्रिंटरला कळेल अशा रूपात मांडावं लागतं. स्वस्त लेझर प्रिंटरला मेमरी बेताची. एखादं पान गुंतागुंतीचं असलं की तो ते अर्ध्यावर टाकून देतो. गंमत अशी की पीडीएफचा जन्मच छपाईच्या भाषेतून, पोस्टस्क्रिप्टमधून झालेला. अडोबी कंपनीने ते १९९३ साली आणलं आणि २००८ साली ते आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं. आजोबा छापखान्यात, नातू छापायला नाखूश.

यावर रामबाण असा उपाय एकच सापडला: 'प्रिंट ॲज इमेज'. माझ्या रीडरमध्ये तो प्रिंटच्या खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'च्या आत लपवलेला आहे. टिक केली की रीडर अक्षरं वगैरे पाठवायच्या भानगडीत पडत नाही, पानाचा सरळ फोटो करून पाठवतो. नव्वद टक्के हट्टी पानं याने निघाली, असं मी अंदाजाने सांगते. वही ठेवलेली नाही. पण फुकट काही नसतं. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर, ए-फोर पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. रंगीत असेल तर एका पानाचा कच्चा डेटा साधारण २६ एमबी होतो. दाबून छोटा केला तरी एकशे चाळीस पानांना हे करायला गेलात तर चहा पिऊन या. शिवाय बारीक टाइपातले जोडाक्षरांचे पाय किंचित भरडे दिसतात. म्हणून मी सगळ्या फाईलला टिक करत नाही. जे पान अडलं त्याचाच नंबर टाकायचा आणि तेवढंच इमेज म्हणून काढायचं.

फाँटची कथा वेगळी, आणि ती आपल्याकडे जास्त. कचेरीभोवतीच्या टायपिस्टांकडे अजून कृतीदेव, श्रीलिपी असे जुने, युनिकोडच्या आधीचे फाँट चालतात. एका जाहीर नोटिशीची पीडीएफ आली. पडद्यावर स्वच्छ मराठी. कागदावर इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि स्वल्पविरामांची खिचडी. या फाँटमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, त्याला मराठी अंगरखा फाँट चढवतो. आमच्या कॉम्प्युटरवर तो फाँट होता म्हणून पडद्यावर दिसलं, पण पीडीएफमध्ये तो भरलेला नव्हता, आणि छापताना त्याच्या जागी दुसराच फाँट बसला. तपासायला सोपं आहे: डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी बघायची. नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' असेल तर निर्धास्त. नसेल तर पाठवणाऱ्याला पीडीएफ करताना फाँट आत घालायला सांगायचं. तो म्हणतोच, "माझ्याकडं तर बरोबर दिसतंय." मग पुन्हा आपली इमेजची टिक.

तिसरी तऱ्हा कुलुपाची. पीडीएफला दोन प्रकारचे पासवर्ड असतात. एक उघडण्याचा. ई-आधारचा म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हा आता दुकानातल्या पोरालाही पाठ आहे. ई-पॅनला जन्मतारीख. तो टाकला की झालं. दुसरा पासवर्ड फाईल बनवणाऱ्याचा: त्याने छापायला बंदी घातली असेल तर फाईल उघडते, वाचता येते, छापता येत नाही. कधी फक्त हलक्या प्रतीची छपाई चालू ठेवलेली असते, मग प्रिंट पुसट, फोडफोड झाल्यासारखी येते आणि आपण उगाच टोनर हलवत बसतो. प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझी तक्रार अशी की या रीडरमध्ये अशा फाईलला मेनूतली 'प्रिंट' राखाडी होते, पण वरच्या पट्टीवरचं प्रिंटरचं चित्र तसंच चकाकत राहतं. दाबा कितीही, काही होत नाही! एका बारावीच्या मुलीच्या क्लासच्या नोट्स अशाच होत्या. पंधरा मिनिटं घालवल्यावर मला सिक्युरिटीचं पान आठवलं. कुलूप तोडून देणारी संकेतस्थळं आहेत, ती मी वापरत नाही. लोकांचे कागद अनोळखी ठिकाणी चढवायचे नाहीत, हा दुकानाचा नियम आहे. "क्लासमधूनच छापील मागून घे बाळा," म्हटलं. तिने दुसऱ्या दिवशी आणल्या आणि झेरॉक्स माझ्याकडेच काढली.

नोव्हेंबरात एका अपडेटनंतर मात्र चूक निखळ रीडरची होती. कुठलीच फाईल छापेना, ब्राउझरमधून सगळ्या छापल्या जात होत्या. शोधता शोधता कळलं की त्याचा 'सुरक्षित मोड' माझ्या प्रिंटरच्या जुन्या ड्रायव्हरशी पटवून घेत नव्हता. हा मोड रीडरला कॉम्प्युटरच्या बाकी भागापासून कोंडून ठेवतो, म्हणजे वाईट फाईल आली तरी तिचे हात लांबवर पोचू नयेत. मोड बंद केला, प्रिंट निघाली. अनेक जण इथेच थांबतात. पण माझ्याकडे दिवसाला पन्नास लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. कडी काढून दुकान उघडं ठेवण्यातला हा प्रकार. मोड परत चालू केला आणि प्रिंटर बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला. तेव्हापासून ठीक आहे.

इतका छळवाद असून काढून का टाकला नाही? डिजिटल सहीसाठी. सातबारा, आठ-अ, फॉर्म सोळा यांवरची सही खरी आहे का, हे ब्राउझर बघत नाही, नुसतं चित्र दाखवतो. हा रीडर तपासतो. सुरुवातीला पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, कारण सहीला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या साखळीवर आपल्या कॉम्प्युटरचा अजून विश्वास बसलेला नसतो. प्रमाणपत्र तपासून विश्वासू यादीत घातलं की हिरवी टिक. एक चूक लोक सर्रास करतात: अडलेली फाईल 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी बनवतात. छपाईला ती युक्ती उत्तम, पण त्या नव्या फाईलमध्ये सही उरत नाही, उरतं सहीचं चित्र. ती फाईल बँकेला ईमेल केली तर परत येते. कागद त्या नव्या फाईलवरून काढा, पाठवायची मात्र मूळचीच.

सध्या माझी वाटणी अशी आहे: उघडायला आणि सही बघायला हा, साध्या प्रिंटला ब्राउझर, आणि मागच्या कॉम्प्युटरवर सुमात्रा नावाचा छोटा मुक्तस्रोत रीडर, ज्याला फारसं काही येत नाही आणि म्हणून तो अडतही नाही. घरी महिन्याला चार पानं छापणाऱ्याने हा रीडर खुशाल घ्यावा. दुकानाला एकट्या याच्यावर विसंबू नये. पाचपैकी तीन तारे देते. छापत नाही म्हणून दोन कापलेले नाहीत. कागद अडकतात, फाईली बिघडतात, हे या धंद्यात रोजचं आहे. वायर निघालेली असो, रांग तुंबलेली असो, फाईलला कुलूप असो की स्वतःचंच दुखणं असो, चारही वेळा तो कारण न सांगता तसाच गप्प बसतो, त्याचे दोन कापलेत. "छपाईला मनाई आहे" एवढी एक ओळ दाखवायला काय जात होतं?

परवा पुन्हा अपडेट आलं. नवीन काय म्हणून यादी दाखवली: रात्री वाचायला गडद रंग, गोल कडांची बटणं. प्रिंटचं बटण डावीकडून उजवीकडे गेलंय. पोरगा सकाळपासून ते डावीकडेच शोधतोय.