क्लॅट की सीईटी? बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉसाठी किती गुण पुरतात

बारावीला 60 टक्के पडले काय किंवा 90, लॉच्या प्रवेशात त्याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशपातळीवरची क्लॅट असो वा राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठीची एमएच-सीईटी लॉ, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते बघतात. मेरिट लागतं ते प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. तरीही दर वर्षी कितीतरी घरांत ‘बारावीला नव्वदच्या वर पाहिजेत’ म्हणून क्लासवर क्लास लावले जातात आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास मार्चनंतर सुरू होतो. तोवर क्लॅट होऊन गेलेली असते, कारण ती आता डिसेंबरमध्येच होते.

पात्रतेची अट दोन्हीकडे जवळपास सारखी आहे. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, म्हणजे 600 पैकी 270. अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के, म्हणजे 240. फरक ओबीसी विद्यार्थ्यांना पडतो. सीईटीसाठी त्यांना 42 टक्के (252 गुण) चालतात, क्लॅटला मात्र त्यांच्याकडूनही 45 टक्केच मागतात. 43 टक्के असलेल्या ओबीसी मुलाला म्हणूनच सीईटीचाच रस्ता मोकळा आहे. 44.8 चे 45 धरतील या भरवशावर कुणी राहू नये. निकाल लागण्याआधी दोन्ही फॉर्म भरता येतात.

खरा फरक पेपरात आहे. दोन्हीकडे 120 प्रश्न, 120 गुण, 120 मिनिटं, त्यामुळे वरवर एकच वाटतात. पण क्लॅट कागदावर, फक्त इंग्रजीत, आणि जवळपास सगळी उताऱ्यांवर. कायदा आणि चालू घडामोडी यांवर प्रत्येकी 28 ते 32 प्रश्न, इंग्रजी आणि तर्क प्रत्येकी 22 ते 26, गणित 10 ते 14. कायद्याच्या भागात तत्त्व उताऱ्यातच दिलेलं असतं, ते प्रसंगाला लावायचं. कलमं पाठ असण्याची गरज नाही, भराभर वाचून नेमकं समजण्याची आहे. सीईटी संगणकावर असते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत. तिथे कायदा 32, तर्क 32, सामान्यज्ञान 24, इंग्रजी 24 आणि गणित 8. प्रश्न आखूड आणि थेट. राज्यघटनेची कलमं, कायद्यातल्या लॅटिन संज्ञा, न्यायसंस्थेची रचना हे पाठ असलेल्याचा इथे फायदा होतो.

चुकीच्या उत्तराला क्लॅटमध्ये पाव गुण जातो, सीईटीत काहीच जात नाही. समजा 20 प्रश्नांची उत्तरं अजिबात येत नाहीत आणि प्रत्येकाला चार पर्याय आहेत. सीईटीत अंदाजाने सगळी उत्तरं दिली तर सरासरी 5 गुण फुकट मिळतात, त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. क्लॅटमध्ये तेच केलं तर 5 मिळतात, 15 चुकांचे 3.75 जातात, हाती जेमतेम सव्वा गुण उरतो, आणि नशीब फिरलं तर तोही नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर मात्र त्याच 20 प्रश्नांत तीनहून जास्त गुण पदरात पडू शकतात. त्यामुळे क्लॅटला ‘कळलं नाही तर सोडा’ हा सल्ला सरसकट पाळू नये.

‘किती गुण लागतील’ याचं आकड्यात उत्तर शोधू नका, क्रमांकात शोधा. क्लॅटचा पेपर एखाद्या वर्षी अवघड निघाला की तेच 85 गुण कितीतरी वरच्या क्रमांकावर नेऊन ठेवतात. बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ खुल्या प्रवर्गाला साधारण शंभराव्या क्रमांकाच्या आसपास भरतं, मुंबईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ पहिल्या काहीशेंत. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर आणखी खाली जातात. महाराष्ट्रातल्या या तिन्ही ठिकाणी राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, म्हणून डोमिसाइलचा दावा फॉर्म भरतानाच करा. गुण सारखे पडले तर आधी कायद्याच्या भागातले गुण बघतात, मग वय.

सीईटी अनेक सत्रांत होते, त्यामुळे तिथे पर्सेंटाइल. 30,000 जण बसले असं धरलं तर 99 पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे 300 जण. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर याच टोकाला असावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजांना याहून बरंच कमी पुरतं. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघताना आपल्याच प्रवर्गाचा आणि त्या-त्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीचा बघा.

पैशाचा हिशेब उघडपणे मांडायला हवा. राष्ट्रीय विद्यापीठांत होस्टेल धरून वर्षाला दोन-अडीच लाखांच्या वरच जातात, मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचं वर्षाचं शुल्क काही हजारांत भागतं. वडिलांच्या कर्जावर पाच वर्षं काढायची असतील तर खालच्या क्रमांकाच्या राष्ट्रीय विद्यापीठापेक्षा मुंबई-पुण्याचं चांगलं कॉलेज आम्ही आधी सुचवू. कोर्टात प्रॅक्टिस करायची असेल तर अधिकच, कारण तिथे पहिल्या वर्षापासून वकिलांकडे जाऊन काम शिकता येतं. कॉर्पोरेट फर्मची नोकरी डोळ्यांपुढे असेल तर वरच्या राष्ट्रीय विद्यापीठांना आजही तोड नाही.

इंग्रजी वाचनाचा वेग बरा असेल तर दोन्ही परीक्षा द्या आणि तयारी क्लॅटची करा. ती डिसेंबरमध्ये संपते, बोर्ड झालं की सीईटीसाठी कलमं आणि सामान्यज्ञान तेवढं भरून काढायचं. उलटं जमत नाही. सीईटीचे गाइड पाठ करून क्लॅटचे उतारे सुटत नाहीत. मराठी माध्यमातून आलात आणि हाताशी वर्षभराहून कमी वेळ आहे, तर सगळं बळ सीईटीवर लावा.

एवढं करून जागा हातची जाते ती बहुधा दाखल्यांमुळे. नॉन-क्रिमिलेअरची (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत 31 मार्चला संपते आणि कॅप फेऱ्या त्यानंतर होतात. जुनाच दाखला जोडला तर प्रवर्गाचा दावा फेटाळून खुल्या यादीत टाकतात. एप्रिल लागला की तहसीलचे हेलपाटे सुरू करा, जात पडताळणीचा अर्ज तर अकरावीतच.