कुत्र्यासह मालवण : बंदराजवळचा फ्लॅट की देवबागची वाडी?

तूर घरात आली आणि कापसाची शेवटची वेचणी उरकली, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ घरांना चार दिवस समुद्राकडे जाऊन यावेसे वाटते. घरात कुत्रा असेल, तर त्याला कोठे ठेवायचे हा प्रश्न मग आधी उभा राहतो. ज्यांना शेजाऱ्याकडे भाकर सांगून निघता येते, त्यांना पुढील मजकुराचा फारसा उपयोग नाही. मात्र त्याला सोबत न्यायचे आणि मालवणलाच जायचे हे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे साधारणपणे दोन सोयी येतात : मालवण गावात बंदराच्या अंगाला भाड्याने मिळणारा स्वयंपाकघरासह फ्लॅट, किंवा तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात माडांच्या वाडीतील न्याहारी-निवासाचे घर. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत. खालील मत त्या अनुभवावरच आधारलेले असल्याने ते प्रत्येक कुत्र्याला लागू पडेल असा दावा मी करणार नाही.

प्रवास दोन्ही ठिकाणांसाठी सारखाच आहे. रेल्वेत कुत्र्याला आपल्याजवळ ठेवायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत जावे लागते. त्यामुळे आमच्यासारखे लोक गाडीनेच जातात. आर्णीवरून नांदेड, लातूर करीत सोलापूरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरमार्गे घाट उतरणे, हे आम्हाला सोयीचे पडले. घाटाच्या सकाळी कुत्र्याला उपाशी ठेवावे, एवढे सांगून हा विषय सोडतो.

वाडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला लाटा, दुसऱ्या अंगाला संथ खाडी आणि मध्ये माडांची सावली, असे ठिकाण कुत्र्यासाठीच घडवले असावे असे प्रथमदर्शनी वाटते. घरच्या मालकीणबाईंच्या हातचे बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांची बरोबरी बंदरावरची कोणतीही खानावळ करील असे मला वाटत नाही. जिना नाही, लिफ्ट नाही, पहाटे उठून दार उघडले की पाय वाळूत पडतो. केवळ माणसांच्या विश्रांतीचा विचार केला, तर मी आजही वाडीच सुचवीन.

अडचण निघाली ती आमच्या खंड्याच्या नोकरीमुळे. तो शोभेचा कुत्रा नाही. रोही आणि रानडुकरे वावरात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे रात्री जागलीला जावे लागते आणि खंड्या लहानपणापासून माझ्यासोबत जागलीला येतो. मोकळे अंगण, डोक्यावर आभाळ आणि चहूबाजूंनी अनोळखी आवाज एवढे मिळाले की तो कामावर रुजू होतो. देवबागच्या त्या घराला कुंपण नव्हते. तिकडे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाण्याची वाट अंगणातूनच जाते, आणि त्यात गैर काहीच नाही. मालकीणबाईंच्या कोंबड्या मोकळ्या असल्यामुळे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी अगदी गोड आवाजात सांगितले, "तेका बांदून ठेवा हां." त्यांचे म्हणणे योग्यच होते. परंतु राखणीचा कुत्रा बांधला की त्याची जबाबदारी कमी होत नाही, फक्त हात बांधले जातात. माडाची वाळलेली झावळी धाडकन खाली आली की खंड्या उठून उभा. कोणी विजेरी घेऊन किनाऱ्याकडे निघाले की उभा. जेवणाच्या वेळी वाडीतली कुत्री खरकट्याच्या आशेने येत, माडाच्या बुंध्यापलीकडे ओळीने बसत, आणि साखळी ताणून हा त्यांच्यावर असा भुंके की आमचा घास हातातच राहत असे. रात्रभर आमच्यापैकी कोणीतरी ओसरीवर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलेले असे. वावरातली जागल चुकवून समुद्राकाठी जागल करावी, यासाठी कोणी एवढे अंतर कापत नाही.

फ्लॅटमध्ये याच्या नेमके उलटे घडले. तेथे आल्यावर त्याने उंबरठा हुंगला, सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि दार लागल्यावर गार फरशीवर पोट टेकून तो जो झोपला, तो पहाटे मच्छीमारी नौकांची इंजिने सुरू झाली तेव्हाही उठला नाही. एक कान तेवढा वर झाला. याचे कारण मी माझ्या अंदाजाने सांगतो : जी हद्द दिसत नाही, ती त्याच्या लेखी त्याची नसावी. बंद दाराआड त्याला सुट्टी मिळाली आणि म्हणून आम्हालाही मिळाली.

स्वयंपाकघर हा फ्लॅटचा दुसरा आधार. खंड्याला दूध-भाकर लागते. ज्वारीचे पीठ आम्ही सोबत नेले होते आणि वाडीत दुसऱ्याच्या चुलीशी रोज भाकरी थापायला मागण्याचा जो संकोच वाटला, तो येथे वाटला नाही. (त्या पिठाचा निम्मा वाटा आईनेच ठेच्याबरोबर संपवला, हे वेगळे.) शिवाय दार लावून त्याला तासाभरासाठी एकटे ठेवता येते. अर्थात घरमालकाला आधी विचारून. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मात्र आम्ही दोन पाळ्यांत गेलो, कारण होडी भरण्याची वाट पाहण्यात वेळ किती जाईल याचा भरवसा नसतो. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला आणि आतले शिवराजेश्वराचे मंदिर घाईने पाहण्यासारखे नाही.

फ्लॅटच्या उणिवा लपवत नाही. दर वेळी त्याला खाली न्यावे लागते आणि म्हाताऱ्या कुत्र्याला जिना जड जातो. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो तेव्हा गावातली कुत्री तेथे जमलेली असतात आणि वाळूत शिंगाळ्यासारख्या माशांचे काटे पडलेले असतात, तेव्हा त्या वेळी त्याला तिकडे नेऊ नये. फिरवण्यासाठी चिवला किनारा सकाळी चांगला, मात्र रापण ओढत असतील तर जाळ्यापासून लांब राहावे. खारे पाणी तो पिणार नाही याकडे लक्ष ठेवावे, नाहीतर पोट बिघडते. अंगावरची वाळू जिन्याखालीच बादलीने धुवावी, कारण न्हाणीघरात वाळू तुंबली तर पुढच्या कुत्र्याला तेथे जागा मिळणार नाही.

नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, दिसेल त्याच्यापुढे शेपूट हलवणारा लॅब्रॅडोर असेल, तर त्याला देवबाग कदाचित अधिक मानवेल; त्याला राखायचे काहीच नसते. वावरातल्या कुत्र्यासाठी मात्र मी बंदराजवळचाच फ्लॅट घेईन, आणि तोही पहिल्या मजल्यावरचा, ज्याच्या गॅलरीच्या गजांमधून डोके बाहेर जाणार नाही असा. चौकशी करताना "कुत्रा चालतो का" असे विचारल्यास बहुतेक ठिकाणी होच म्हणतात. "रात्री घरात झोपलेला चालतो का" असे विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते. शिमग्याचे दिवस टाळावेत, कारण ढोलांचा आवाज बंद दारालाही जुमानत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात किल्ल्याच्या नावाही बंद राहतात. आमच्याकडची कामे पाहता फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. तेव्हा दुपारची वाळूही त्याच्या पायांना फारशी पोळत नाही.