केबिन बदलली, पण एजंटताईंनी निस्तरलं

नौपाड्यातल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसमधून आम्ही मुंबई-गोवा क्रूझ बुक केली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून जहाजाच्या मधोमध, लिफ्टजवळची खिडकीवाली केबिन मुद्दाम निवडली होती. बॅलार्ड पिअरला चेक-इन करताना हातात पडलेल्या कार्डावर वेगळाच नंबर! केबिन पार पुढच्या टोकाला, तीही बिनखिडकीची. काउंटरवरचा मुलगा एवढंच म्हणाला, "अटींमध्ये लिहिलंय." असेल लिहिलेलं, पण सोबत म्हातारं माणूस असताना आधी एक फोन करायला काय जातं? मला फार संताप आला.

एजंटताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या पावतीवर केबिन नंबर छापलाय, गॅरंटी बुकिंग नाही तुमचं. ती पावती पुढे करा, मी लगेच बोलते त्यांच्याशी." गॅरंटी बुकिंग स्वस्त पडतं, पण त्यात केबिन कंपनी ठरवते, हे त्यांनी बुकिंगच्या वेळीच नीट समजावलं होतं. जहाज सुटायच्या आत मधल्या भागात खिडकीवाली केबिन मिळाली. लिफ्ट थोडी लांब पडली, पण मध्यभागी हेलकावे कमी बसतात. सासूबाई रात्रभर शांत झोपल्या.

ऑफिस अगदी लहान आहे, शनिवारी गर्दी असते. आधी फोन करून जा.